आवाजावर चालणारा फोन आणि घरातले औषधपाणी



माझी आई सत्तरीला आली आहे. जन्म यवतमाळकडच्या खेड्यातला, गेली काही वर्षे आमच्याकडे मुंबईत राहते. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. मधुमेह जुना आहे आणि आता डोळ्यांना धूसर दिसते. दिवसा ती घरात एकटीच असते. मी ड्यूटीवर, भाऊ कामावर, मुले शाळेत. गोळ्यांची पाकिटे ती रंगावरून ओळखायची. नजर मंदावली तसा रंगांचाही भरवसा राहिला नाही. एका संध्याकाळी तिने साखरेची गोळी घेतली, आणि अर्ध्या तासाने 'घेतली की नाही' अशी शंका आली म्हणून पुन्हा घेतली. मी घरी आले तेव्हा ती घामाने निथळत, थरथरत्या हातांनी ओट्याला धरून बसली होती. शेजारच्या ताईंनी वेळेवर साखरपाणी पाजले होते म्हणून निभावले.

त्या रात्री ठरले की फोनला बोलता येते, तर त्यानेच आईला गोळीची आठवण करावी. दुसऱ्या दिवशी भाच्याने फोनमधला बोलणारा सहायक मराठीत सुरू करून दिला. आईने फोन तोंडाजवळ नेला आणि विचारले, "किती वाजले वं?" फोन म्हणाला, "माफ करा, मला समजले नाही." तिने तीनदा विचारले, तिन्ही वेळा तेच उत्तर आले. मग फोन खाली ठेवून ती म्हणाली, "मायी बोलीच गावंढळ हाय. दवाखान्याच्या खिडकीवरबी मले असंच म्हनते."

पुढचे पंधरा दिवस तिने फोनला हात लावला नाही.

आपल्या वस्त्यांमध्ये अशा आया, आज्या, आजोबा घरोघरी आहेत. कोणाला लिहिता-वाचता येत नाही, कोणाच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, कोणाचा हात अर्धांगाने गेला आहे, कोणाची बोटे सांधेदुखीमुळे फोनच्या काचेवर नीट टेकत नाहीत. अशा माणसांना आवाजावर चालणाऱ्या यंत्राचा खरोखर उपयोग होतो. पण पहिल्याच दिवशी यंत्राने 'समजले नाही' म्हटले की माणूस खजील होतो आणि सोय तशीच पडून राहते. म्हणून आज हे यंत्र ऐकते कसे, त्याची सवय कशी लावावी आणि त्याच्यावर काय सोपवू नये, ते पाहू.

यंत्र ऐकते कसे

यासाठी नवीन वस्तू विकत घ्यायची गरज नाही. घरात साधा अँड्रॉइड फोन असेल तर तो पुरे. गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ साली आली. २०१८ साली गूगलचा सहायक मराठी बोलू लागला. आता बऱ्याच नव्या फोनांत त्याच्या जागी 'जेमिनी' नावाचा सहायक असतो, त्यालाही मराठी येते. टेबलावर ठेवायचे अलेक्सासारखे स्पीकर ही वेगळी वस्तू आहे. अलेक्साने २०१९ पासून इंग्रजीबरोबर हिंदी धरली. असा स्पीकर हप्त्यावर घेण्याचा विचार असेल तर आधी दुकानातच आपल्या बोलीत चार वाक्ये बोलून पाहा आणि मगच ठरवा.

यंत्राचा माईक 'ओके गूगल' किंवा 'अलेक्सा' अशा हाकेची वाट पाहत असतो. हाक कानी पडली की पुढचे बोलणे बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकांकडे जाते. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो आणि उत्तर परत येते. म्हणजे नेट नसेल, पॅक संपला असेल किंवा रेंज गेली असेल, तर यंत्र बहिरे होते. मात्र एकदा लावून ठेवलेला घड्याळाचा गजर नेट नसतानाही वाजतो. औषधाच्या बाबतीत हा फरक लक्षात ठेवायचा आहे.

'समजले नाही' म्हणाले, तर चूक कोणाची?

यंत्राला बोलणे समजावे म्हणून त्याला आधी हजारो माणसांचे आवाज ऐकवलेले असतात. ज्या लोकांचे आवाज भरपूर ऐकवले त्यांचे बोलणे त्याला चटकन कळते. ज्यांचे कमी ऐकवले त्यांच्या बोलण्यात ते अडखळते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हे मोजून दाखवले. ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या यंत्रणा त्यांनी तपासल्या. गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, तर काळ्या माणसांच्या बोलण्यात ३५. भाषा दोघांचीही इंग्रजीच होती. काळ्या लोकांचे इंग्रजी चुकीचे नव्हते, यंत्राला ते पुरेसे शिकवलेले नव्हते.

वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी बोलणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगायला हवी. 'मले', 'काऊन', 'व्हय' हे शब्द अशुद्ध नाहीत. यंत्राचे शिक्षण तोकडे आहे. आईला मी हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजे शाळेत जायचं त्याचंच राह्यलं म्हन की." दुसऱ्या दिवशी तिने आपणहून फोन मागितला.

जाता जाता एक गोष्ट सांगते. केंद्र सरकारने २०२२ साली भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. त्यात 'भाषादान' नावाचा भाग आहे. तिथे वाक्ये मोठ्याने वाचून आपला आवाज यंत्रांच्या शिकवणीसाठी देता येतो. वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी यात भाग घेतला तर आपल्या धाटणीचे उच्चारही यंत्रांच्या कानांवर पडतील.

सवय कशी लावावी

आईच्या पहिल्या दिवशी काय बिघडले ते नंतर ध्यानात आले. मागे टीव्ही चालू होता. फोनचा 'टिंग' वाजण्याआधीच ती बोलू लागायची. आणि 'वाजले'ला जोडून येणारा 'वं' यंत्राला उमगत नव्हता. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात होत्या. आमच्या अनुभवातून काही सूचना देते.

१. आधी फोनच्या सेटिंगमध्ये सहायकाची भाषा 'मराठी' निवडली आहे ना, ते पाहा. भाषा इंग्रजी असेल तर आपले मराठी शब्द तो इंग्रजी समजून ऐकतो आणि भलतेच उत्तर देतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

२. टीव्ही बंद करा, मिक्सर थांबवा, कुकरची शिट्टी होऊ द्या. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर त्या वेळी नाद सोडा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा.

३. 'टिंग' वाजला की मग बोला. ओरडू नका, ओरडल्याने आवाज फाटतो. नेहमीच्या आवाजात एका दमात एकच वाक्य बोला. मधेच विचार करायला थांबलात तर यंत्राला बोलणे संपल्यासारखे वाटते. म्हणून वाक्य आधी मनात जुळवा, मग बोला.

४. आठवड्याला एकच काम शिकवा. पहिल्या आठवड्यात फक्त वेळ विचारायची. दुसऱ्या आठवड्यात फोन लावायचा. तिसऱ्या आठवड्यात गजर. नातू एकाच दिवशी दहा करामती दाखवतो आणि आजीच्या हाती त्यातली एकही लागत नाही.

५. फोनमधली नावे म्हातारे माणूस जशी हाक मारते तशीच, देवनागरीत साठवा. 'प्रमोद मुंबई टू' असे नाव असेल तर आईने 'धाकट्याला फोन लाव' म्हटल्यावर तो सापडणार कसा? नाव 'धाकटा' असेच ठेवा. एकच नाव दोघांना देऊ नका.

६. सुरुवात आवडीच्या गोष्टीने करा. आमच्या आईची जीभ खऱ्या अर्थाने सैल झाली ती 'भीमगीतं लाव' या वाक्याने. गाणे लागले आणि तिची भीती गेली. गोळीचा गजर त्यानंतर आला.

ज्यांचे बोलणे अर्धांगाच्या झटक्यानंतर जड झाले आहे, त्यांना या यंत्राचा आग्रह करू नका. वारंवार 'समजले नाही' ऐकून ते आणखी मिटून जातात. त्यांच्या उशाशी एक घंटी किंवा वाटी-चमचा ठेवा आणि फोनच्या पहिल्या पानावर घरच्यांचे फोटो लावून द्या, म्हणजे बोट ठेवले की फोन लागेल. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते. ती बोटाखाली येणारे प्रत्येक अक्षर, प्रत्येक बटण वाचून दाखवते. पण ती सुरू केली की फोन वापरायची पद्धतच बदलते. एकदा टेकले की नाव ऐकू येते, दोनदा टेकले की उघडते. शिकवायला कोणी सोबत असेल तेव्हाच ती सुरू करा.

औषधाच्या आठवणीत काय सांभाळावे

यंत्र आठवण करते. गोळी खरोखर घेतली का, हे त्याला दिसत नाही. माझ्या आईचा घोळ नेमका इथेच झाला होता. नुसता गजर असता तरी तिने गोळी दोनदा घेतली असती. म्हणून गजराच्या जोडीला खणांचा डबा हवा. औषधाच्या दुकानात वारांचे खण असलेला प्लास्टिकचा डबा मिळतो. तो नसेल तर मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांनीही काम भागते. रात्री घरातल्या डोळस माणसाने दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या खणांत घालून ठेवायच्या. गजर वाजला की आईने त्या वेळचा खण चाचपायचा. खण रिकामा असेल तर गोळी घेतलेली आहे. दिसत नसले तरी बोटांना ते कळते.

गजर लावल्यावर एकदा घड्याळात उघडून खात्री करा. 'आठ वाजता' म्हटले तर यंत्राने सकाळचे आठ घेतले की रात्रीचे, आणि रोजचा गजर लावला की फक्त उद्याचा, हे पाहिलेच पाहिजे. फोनचा आवाज कमी करून ठेवला नाही ना, तेही पाहा.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. काय करायचे ते डॉक्टरांनाच विचारा. मधुमेहाची गोळी चुकून जास्त गेली, किंवा गोळी घेऊन जेवण राहिले, तर घाम, थरथर, भोवळ, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटल्यावर थोडे खायला द्या आणि डॉक्टरांना कळवा, कारण काही गोळ्यांमुळे साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

भिंतींना कान आहेत

आपली घरे एकमेकांना चिकटून आहेत. फोन मोठ्याने 'टीबीची गोळी घ्या' म्हणाला तर ते पलीकडच्या घरात ऐकू जाते. टीबी, एचआयव्ही किंवा मनाच्या आजाराची औषधे घेणाऱ्याला हे महागात पडते. कधी घरभाड्याचा प्रश्न येतो, कधी लग्नाच्या बोलणीत अडथळा येतो, कधी मुलांशी कोणी खेळत नाही. आजार लपवावा लागू नये असा समाज आपल्याला घडवायचाच आहे. पण कोणाला काय सांगायचे हे ठरवण्याचा हक्क आजारी माणसाचाच. म्हणून आठवणीत आजाराचे किंवा औषधाचे नाव घालू नका. 'लाल डब्याची वेळ झाली', 'पाणी प्या' असे घरातच ठरवलेले शब्द वापरा.

दुसरा कान कंपनीचा. बोललेल्या गोष्टींच्या नोंदी कंपनीकडे राहू शकतात. अमेरिकेत मुलांच्या आवाजाच्या नोंदी बेकायदा साठवल्याचा आणि पालकांनी सांगूनही पूर्ण न पुसल्याचा आरोप अलेक्साच्या बाबतीत झाला, आणि २०२३ साली ॲमेझॉनने अडीच कोटी डॉलर दंड भरायचे मान्य केले. या नोंदी फोनच्या सेटिंगमधून पाहता येतात आणि पुसताही येतात. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला महिन्यातून एकदा हे काम द्या. स्पीकर असेल तर त्यावर माईक बंद करण्याचे बटण असते. अलेक्साचा माईक बंद असताना लाल दिवा दिसतो. घरात खाजगी बोलणे चालले असेल, पाहुणे आले असतील, तर ते बटण दाबून ठेवा.

ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, आधार क्रमांक यातले काहीही यंत्रासमोर मोठ्याने उच्चारू नका. फोनवरून फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

हे यंत्रावर सोपवू नका

'पोटात दुखते, काय घेऊ?' असे फोनला विचारायची सवय तरुणांनाही लागली आहे. नवे सहायक इतक्या ठामपणे बोलतात की डॉक्टरच बोलतो आहे असे वाटते. पण त्याने तुमची नाडी पाहिलेली नाही, रक्त तपासलेले नाही, आधीची औषधे त्याला ठाऊक नाहीत. चुकीचे उत्तरही ते त्याच ठाम सुरात देते. 'हिमोग्लोबिन म्हणजे काय', 'पालेभाज्यांत काय असते' अशी माहिती विचारायला हरकत नाही. गोळी सुरू करणे, बंद करणे, मात्रा कमी-जास्त करणे याबद्दल मात्र डॉक्टर, आरोग्य केंद्रातली नर्स किंवा आपली आशाताई यांनाच विचारा.

तातडीच्या वेळी यंत्राची आळवणी करत बसू नका. अलेक्साचे स्पीकर आपल्याकडे १०८ किंवा ११२ ला फोन लावत नाहीत. फोनचा सहायक नंबर लावू शकतो, पण फोन कुलूपबंद असेल, घरात आरडाओरडा चालला असेल, तर तोही अडतो. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर उचलत नाही, बोलणे अडखळू लागले, तर तो अर्धांगाचा झटका समजा आणि किती वाजता सुरू झाले ते लक्षात ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यातली दहा मिनिटेही मौल्यवान आहेत. १०८ हा आकडा दाराजवळच्या भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि घरातल्या लहान मुलालाही तो बोटाने लावता येऊ द्या. पण सराव करताना १०८ लावू नका. तेवढ्यात खरा रुग्ण अडकून पडतो.

आणखी एक. एकट्या माणसाला यंत्राशी बोलताना बरे वाटते हे खरे आहे. आईही कधी कधी 'काय करून राह्यला?' असे त्याला विचारते. पण यंत्र गजर करते म्हणून तिची विचारपूस करायचे काम संपले, असे आम्ही मानत नाही. दुपारी दोन वाजता भाऊ कामावरून फोन करतो आणि शेजारच्या ताई चहाच्या वेळी डोकावतात. ज्येष्ठांना मदत किंवा माहिती हवी असेल तर १४५६७ आणि मनावर ताण असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकांवर माणसे बोलतात.

विहारात एक तास

आमच्या वस्तीत आम्ही रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठेवला. कॉलेजची मुले-मुली आणि वस्तीतले ज्येष्ठ जोडीने बसतात. भाषा मराठी करणे, नावे नीट साठवणे, एक गजर लावणे आणि तो घड्याळात तपासणे एवढेच शिकवायचे. मुलांना एकच नियम आहे, आजीच्या हातातला फोन काढून घ्यायचा नाही. तिलाच बोलू द्यायचे, चुकू द्यायचे. यंत्राला समजले नाही तर हसायचे नाही.

आईचा गजर आता सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला वाजतो. ती खण चाचपते, गोळी घेते आणि रिकामा खण उघडाच ठेवते, म्हणजे मी घरी आले की मलाही कळते. फोन अजूनही कधीतरी 'मला समजले नाही' म्हणतो. परवा तसे झाले तेव्हा ती त्याला म्हणाली, "राहू दे बाप्पा, शिकशीन हळूहळू," आणि तेच वाक्य पुन्हा सावकाश बोलली.